एक दिवस चौल-रेवदंड्यास

पुण्यास नद्या आहेत, टेकड्या आहेत, भोवताली किल्ले तर इतके आहेत की, त्यांतील निम्मे पाहण्यासही एक जन्म पुरू नये. समुद्र तेवढा नाही. ह्या उणिवेमुळेच की काय, पुण्याच्या मध्यम स्थितीतील कुटुंबांत समुद्राविषयी विलक्षण ओढ दिसून येते. दोन सुट्ट्या जोडून आल्या की मोटारी पहाटेच घाट उतरू लागतात, आणि दुपारी अलिबाग, नागाव, काशीद येथील वाळूवर निम्मी सदाशिव पेठ व उरलेले कोथरूड भेटते. ह्यात गैर काहीच नाही. समुद्राची हवा खावी, शहाळी प्यावीत, मुलांनी यथेच्छ भिजावे आणि रात्री घरी परतावे, हा कार्यक्रम कोणासही हेवा वाटावा असाच आहे. परंतु ज्या किनाऱ्यावर आपण हे सर्व करतो त्याच किनाऱ्यावरील एका बंदरातून शेकडो वर्षे देशावरचा माल परमुलखात व परमुलखाचा माल देशावर जात-येत होता, ह्याची जाणीव आपणांस क्वचितच असते. पडक्या भिंतीपाशी छायाचित्र काढले की इतिहास पाहून झाला, अशी आपली समजूत झालेली आहे. त्या भिंतींच्या आसपास पाहण्यासारखे, आणि विशेषतः ऐकण्यासारखे, आणखी काय आहे, एवढेच सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब चौल, रेवदंडा व कोर्लई असा एका दिवसाचा प्रवास केला. मातोश्रींस चौलच्या दत्ताचे दर्शन घ्यावयाचे होते, सात वर्षांच्या नातवास समुद्र हवा होता, आणि आम्हांस जुने बंदर पाहावयाचे होते. चार पिढ्यांच्या चार तऱ्हेच्या इच्छा एकाच गावी पुऱ्या व्हाव्यात, असे स्थळ सहसा सापडत नाही. पुण्याहून खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली, पेण व अलिबाग ह्या मार्गाने रेवदंडा दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिक पडते. वाहनांची गर्दी नसेल तर चार तासांचा रस्ता.

हा रस्ता नवा असला तरी ही वाट नवी नाही. बोरघाटाच्या माथ्याशी कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी एकमेकांच्या इतकी जवळ का कोरली गेली असावीत, ह्याचा विचार केला म्हणजे वाटेचे महत्त्व ध्यानात येते. लेणी कोरावयास दाते लागतात, आणि दाते व्यापाराच्या वाटेवर भेटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील दात्यांची नावे आहेत, आणि त्यांत काही स्वतःस ‘यवन’ म्हणविणारे आहेत. तिकडे कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ ह्या गावाचा उल्लेख येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक नाविकग्रंथात कल्याणनंतर ‘सेमुल्ल’ हे बंदर सांगितले आहे, आणि दुसऱ्या शतकात टॉलेमीनेही त्याची नोंद केली आहे. हे चेमुल किंवा सेमुल्ल म्हणजेच आपले चौल, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्याच डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी चौल येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष हाती आले आणि ह्या मतास मातीतून पुरावा मिळाला. सारांश, खंडाळ्याचा घाट उतरून समुद्राकडे जाणारे पुणेकर कुटुंब एका फार जुन्या व्यापारी वाटेने चाललेले असते. फरक इतकाच की, पूर्वी ह्या वाटेने कापडाचे गठ्ठे उतरत, आता जेवणाचे डबे उतरतात.

अलिबागेस कान्होजी आंग्र्यांच्या समाधीस वंदन करून आम्ही पुढे निघालो. भरतीच्या पाण्याने वेढलेला कुलाबा किल्ला मुलांनी काठावरूनच पाहिला. तेथून दक्षिणेस नारळी-पोफळींच्या दाट वाड्यांतून रस्ता जातो, आणि चौल केव्हा आले हे पाटी वाचल्यावाचून कळत नाही. कारण चौल म्हणून आज जे दिसते ते शहर नव्हे, आगर आहे. येथे तीनशे साठ देवळे व तीनशे साठ तळी होती, अशी लोकांत आख्यायिका आहे. आकडा अर्थातच वर्षाच्या दिवसांवरून बेतलेला. परंतु रामेश्वराचे देऊळ, त्यापुढील पुष्करिणी आणि वाड्या-वाड्यांतून अवचित भेटणारी जुनी तळी पाहिली म्हणजे आख्यायिका निराधार वाटत नाही. दत्ताचे देऊळ टेकडीच्या माथ्यावर असून पायऱ्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात. मातोश्रींनी पायथ्यासच हात जोडले, आणि ‘देवाला माझे गुडघे ठाऊक आहेत’ असे म्हणून त्या पहिल्या पायरीवर बसून राहिल्या.

ह्याच गावी इसवी सन ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी व इतिहासकार येऊन गेला. तो गावास ‘सैमूर’ म्हणतो. त्या वेळी राष्ट्रकूटांचे सार्वभौमत्व होते व त्यांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ येथे राज्य करीत होता. मसूदी लिहितो की, ह्या गावी सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती होती. त्यांत ओमान, सिराफ, बसरा, बगदाद येथून आलेले होते आणि ह्याच भूमीत जन्मलेलेही होते. येथे जन्मलेल्यांस ‘बयासिरा’ असे निराळे नाव होते. त्यांच्या आपसांतील तंट्यांचा निवाडा करण्यास त्यांच्यातीलच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. दहाव्या शतकातील एका हिंदू राजाच्या बंदरात परधर्मी व्यापाऱ्यांची ही व्यवस्था होती. ‘येथे जन्मलेले’ ह्या वर्गास स्वतंत्र नाव पडावे इतकी ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहिली होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

मसूदीनंतर साडेपाचशे वर्षांनी ह्याच किनाऱ्यावर अफनासी निकितिन उतरला. हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी. जवळ फारसे द्रव्य नव्हते; विकण्यासाठी बरोबर एक घोडा आणला होता. चौलला उतरल्यावर आपण जाऊ तेथे गोऱ्या माणसास पाहण्यासाठी लोकांची झुंबड मागून येत असे, अशी मौज त्याने लिहून ठेवली आहे. चौलहून तो पायी पालीस गेला, तेथून घाट चढून जुन्नरास पोहोचला. ह्या प्रवासास त्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. पावसाळा त्याने जुन्नरास काढला, आणि तेथील अधिकारी असदखान ह्याने त्याचा घोडा काढून घेऊन धर्मांतराची अट घातली. एका खोरासानी सरदाराच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला व धर्मही राहिला. रेवदंड्यास २००२ साली ह्या निकितिनचे स्मारक उभारण्यात आले आहे.

घोड्याची ही कथा आम्ही विस्ताराने सांगितली, ती केवळ मौजेखातर नव्हे. चौल कशावर जगत होते ह्याचे उत्तर तीत आहे. दख्खनच्या सुलतानांचे बळ घोडदळात होते, आणि लढाईचा उमदा घोडा अरबस्तान व इराणाकडून जहाजानेच येई. एक घोडा विकून नशीब काढावे ह्या आशेने कोणी रशियातून येथवर यावे, एवढी त्यास किंमत होती. उलट दिशेने देशावरचे सुती कापड आणि चौलच्या विणकरांचे रेशीम जहाजावर चढे. म्हणजे चौलचा जीव घाटमाथ्यावर होता. आधी बहमनी, मग अहमदनगरची निजामशाही ही त्याची गिऱ्हाइके होती.

पोर्तुगीजांनी हे मर्म अचूक ओळखले. इसवी सन १५०८ मध्ये चौलच्या खाडीच्या मुखाशी त्यांच्या आरमाराची इजिप्तच्या मामलुक सुलतानाच्या व दीवच्या मलिक अयाझच्या आरमाराशी गाठ पडली, आणि त्या लढाईत खुद्द व्हाइसरॉय आल्मेइदा ह्याचा पुत्र लोरेन्सो मारला गेला. तेरा वर्षांनी, १५२१ मध्ये, बुऱ्हाण निजामशहाने त्यांस किल्ला बांधण्यास परवानगी दिली, व १५२४ च्या सुमारास तो पुरा झाला. तोच आजचा रेवदंड्याचा कोट. पुढे १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने त्यास वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहाने गोव्यास घातला होता. सहा महिने झुंज देऊन पोर्तुगीज टिकले. खाडीपलीकडील कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीने किल्ला उभारून त्यांचे नाक दाबू पाहिले, तर १५९४ मध्ये तोच त्यांनी हिरावून घेतला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने रेवदंड्यास वेढा दिला, पण ते हाती आले नाही. अखेर १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीजांचे उत्तरेकडील राज्य कोलमडले, आणि १७४० च्या तहान्वये चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाली.

रेवदंड्याचा कोट आज गावास कवेत घेऊन उभा आहे. रस्ता तटातून आत शिरतो व तटातूनच बाहेर पडतो. आत घरे आहेत, शाळा आहे, बाजार आहे, आणि नारळीच्या वाड्यांमधून छप्पर गेलेली चर्चे, पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या शिळा व तोफा पडून आहेत. सातखणी नावाचा मनोरा नावातले सगळे खण सांभाळू शकलेला नाही. पण जे उरले आहेत तेवढेही मान उंच करून पाहावे लागतात. अशा एका चर्चच्या भिंतीस पिंपळ फुटला होता. तो पाहत असता नातवाने विचारले, “आजोबा, हे कोणाचं घर होतं?”

प्रश्न साधा होता, आणि आम्ही सवयीने राजवटींची नावे सांगू लागलो. सातवाहन, शिलाहार, यादव, बहमनी, निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. मुलाने ती मुकाट्याने ऐकून घेतली व म्हणाला, “पण राहायचं कोण?” आमच्या पाठ्यपुस्तकांत ह्या दुसऱ्या प्रश्नास फारसे स्थान नसते. तथापि ज्या गावी राजे आठ वेळा पालटले, तेथे पहिल्याहून दुसराच प्रश्न अधिक फलदायी ठरतो, असे आमचे मत झाले आहे.

ह्याची साक्ष चौलच्या ऱ्हासातच मिळते. चौल कोणी जाळून वा उद्‌ध्वस्त करून संपविले नाही. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली व त्याचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. खाडी गाळाने भरत चालली. १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले. खोल बंदर, धर्माच्या बाबतीत मोकळीक आणि कारागिरांस आश्रय ह्या आमिषांनी मुंबईने व्यापार आपल्याकडे ओढला, आणि चौलचे रेशमी विणकरही तिकडे जाऊ लागले. शंभर वर्षांत तटाचा एक दगड न हलता गाव रिते झाले. पुण्याच्या पेशव्यांनी चौल मिळविले खरे, परंतु मिळविले तेव्हा हाती आली ती बहुतांशी भिंतीच. ज्यांनी ते बंदर भरले होते ती माणसे व तो माल दुसऱ्या बंदरी गेला होता. तेव्हा चौलची खरी हकीकत तटापेक्षा राहणारांच्या येण्याजाण्यावरूनच अधिक कळते.

मग राहिले कोण? एक उत्तर रेवदंड्यातच आहे. येथे बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर आहे. आपले पूर्वज नवगावाजवळ जहाज फुटून किनाऱ्यास लागले, अशी ह्या ज्यू समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांनी आडनावेही गावांवरून घेतली. त्यांत नवगावकर आहेत तसे चेऊलकरही आहेत, आणि घरची भाषा मराठी. १९४८ नंतर ह्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलास गेली. तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. चौल आज गावापेक्षा आडनावांत अधिक दूरवर पसरलेले आहे.

दुपारी सुरूच्या सावलीत डबे उघडले. मातोश्रींस उपास असल्याने त्यांच्यापुढे मिरची व शेंगदाण्याचे कूट घातलेली बटाट्याची भाजी होती. मिरची, शेंगदाणा, बटाटा हे तिन्ही मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीजांनी समुद्राची वाट उघडल्यावर ते आपल्याकडे आले, आणि बटाट्याने तर नावही पोर्तुगीजच राखले. पाव, काजू, अननस, चावी, पगार, लिलाव, परात, घमेले ही सर्व त्याच घराण्यातील. हे ऐकून मातोश्री म्हणाल्या, “अरे, आता ह्या वयात माझा उपास मोडू नकोस.” भाजी मात्र त्यांनी संपविली. तात्पर्य, ज्यांस आपण परके म्हणून तटाबाहेर घालविले, त्यांचे शब्द व जिन्नस आपल्या देवघरापर्यंत पोहोचले आहेत, आणि त्यांस परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

भोजनोत्तर आम्ही खाडीवरील पूल ओलांडून कोर्लईस गेलो. समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या डोंगराच्या पाठीवर हा किल्ला लांबच लांब पसरला आहे. पायथ्याशी दीपगृह आहे. वरून एका बाजूस अथांग सागर, दुसऱ्या बाजूस कुंडलिकेची शांत खाडी व पलीकडे रेवदंड्याचा माडबनात बुडालेला तट असे दृश्य दिसते. कोकण किनाऱ्यावर ह्याहून रम्य स्थळे थोडीच असतील. प्रवासी किल्ला पाहतात, वारा खातात व उतरून निघून जातात. आम्ही खालच्या गावात थोडे थांबलो.

ह्या गावातील ख्रिस्ती मंडळींची एक स्वतंत्र बोली आहे. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज शिपाई व इकडील ख्रिस्ती झालेल्या स्त्रिया ह्यांच्या संसारांत ही बोली जन्मली. मसूदीने ज्यांस ‘बयासिरा’ म्हटले, तशीच ही ‘येथे जन्मलेल्यांची’ भाषा होय. शब्द बहुतांशी पोर्तुगीज. परंतु १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता गेल्यावर ती चोहोंकडून मराठीच्या शेजारात राहिली, आणि तिची घडण मराठीच्या वळणावर गेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसते. शब्द लिस्बनचे आणि वाक्य कुलाब्याचे, असा हा प्रकार आहे. बोलणाऱ्यांची संख्या फार तर हजाराच्या आतबाहेर. तिला स्वतःची लिपी नाही, शाळा नाही, राजाश्रय तर १७४० पासूनच नाही. असे असता ती पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ जगली ती केवळ आया मुलांशी बोलत राहिल्या म्हणून.

आम्ही एका अंगणापाशी उभे असता एक वृद्ध बाई नातवास त्या बोलीत काही सांगत होत्या, आणि तो मुलगा त्यांस मराठीत उत्तरे देत होता. दोघांचेही एकमेकांस पूर्ण कळत होते. आमच्या नातवास त्यात काहीच नवल वाटले नाही. तो त्या मुलाबरोबर लगेच खेळावयास गेला. आम्हांस मात्र ते संभाषण सुखाने ऐकवेना. शाळा मराठी, नोकरी मुंबईस, विवाह दूरच्या गावी. असा क्रम चालू राहिला म्हणजे ह्या उत्तर देणाऱ्या मुलाची मुले प्रश्नही मराठीतच ऐकतील. त्या मुलास दोष देण्याचे काही कारण नाही. आमचीही मुले आम्हांस निम्मी उत्तरे इंग्रजीत देतात. परंतु येथे जी भाषा मागे हटते आहे तीवर दबाव आपल्या मराठीचा आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. आपण मराठीच्या कैवारासाठी सभा भरवितो, ठराव करतो. आपल्याच भाषेच्या अंगणात वाढलेल्या ह्या पोरक्या बोलीची चौकशी करणे हेही त्याच कर्तव्याचे अंग आहे.

ह्या बोलीचा साक्षेपी अभ्यास अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्यांनी केला व १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सात समुद्रांपलीकडून येऊन कोणी हे काम केले, ह्याबद्दल कृतज्ञता वाटते. पण मराठीच्या अभ्यासकांस हा विषय घरचा आहे, आणि पुण्याहून तो चार तासांच्या अंतरावर आहे. मराठीचा एखाद्या परभाषेवर कसा परिणाम होतो हे पाहावयाचे असेल, तर ह्याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. ज्या पदवीधर तरुणांस प्रबंधासाठी विषय मिळत नसतील त्यांनी ह्याचा अवश्य विचार करावा. हा विषय थांबून राहणारा नाही.

सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनी व्याकरण शिकावे, असे आमचे म्हणणे नाही. समुद्र पाहावा, किल्ला चढावा, शहाळी प्यावीत. मात्र परत फिरण्यापूर्वी तासभर गावासाठी ठेवावा. रेवदंड्याच्या वाडीत कोणी वृद्ध गृहस्थ भेटले तर तळ्याचे नाव विचारावे, कोर्लईस कोणी बोलके भेटले तर नम्रपणे विचारावे की, ‘ह्याला तुमच्या भाषेत काय म्हणता?’ मुलांनी एखादा शब्द लक्षात ठेवून घरी आणला तर शंखशिंपल्यांबरोबर तोही ठेवावा. आमच्या मते ह्याचा उपयोग मुलांपेक्षाही त्या बोलणारास अधिक आहे. आपली बोली ऐकावयास कोणी आवर्जून थांबतो, असे ज्यास एकदा कळले, तो ती आपल्या नातवाशी बोलण्यास सहसा संकोचत नाही.